शाळाप्रवेशापूर्वी बालकाच्या तयारीची पारख

दरवर्षी जून महिन्यात राज्यातील शाळा सुरू होतात आणि लक्षावधी बालके प्रथमच पहिलीच्या वर्गात पाऊल ठेवतात. कोणी अंगणवाडीतून येते, कोणी बालवाडीतून वा शिशुवर्गातून, तर कोणी थेट घरच्या ओसरीवरून. प्रौढांच्या दृष्टीने हा एक साधा शासकीय सोपस्कार असतो. दाखला पाहिला, पटावर नाव चढविले की काम संपले. बालकाच्या दृष्टीने मात्र हे मोठे स्थित्यंतर असते. चार ओळखीच्या माणसांतून चाळीस अनोळखी मुलांत, मोकळ्या अंगणातून वर्गाच्या चौकटीत आणि घरच्या बोलीतून पाठ्यपुस्तकाच्या भाषेत त्याला एकाच दिवशी प्रवेश करावयाचा असतो.

अशा वेळी पालक, शिक्षक व अंगणवाडी सेविका या सर्वांपुढे एकच प्रश्न उभा राहतो: हे मूल शाळेसाठी तयार आहे काय? हा प्रश्न विचारणे गैर नाही. तथापि तो कोणत्या हेतूने विचारला जातो आणि मिळालेल्या उत्तराचा उपयोग कसा केला जातो, यावर त्या बालकाची पुढील अनेक वर्षे अवलंबून असतात. उत्तराच्या आधारे मूल कोठे मागे आहे हे जाणून त्याला हात दिला, तर ती पारख उपकारक ठरते. त्याच उत्तराच्या आधारे मुलाला 'कच्चे' ठरवून मागच्या रांगेत बसविले, तर तीच पारख त्याच्या शिक्षणाचा मार्ग रोखून धरते. यास्तव ही पारख कशाची, कोणी व कशी करावी, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

कल्पनेचा विकास

लहान मुलांसाठी स्वतंत्र शिक्षणसंस्था असावी हा विचार जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग येथे प्रत्यक्षात आणला. 'किंडरगार्टन', म्हणजे 'बालकांचा बगीचा', हे नावही त्यांचेच. रोप जसे माळ्याच्या देखरेखीखाली आपल्या गतीने वाढते, तसे मूल खेळातून वाढावे, ही त्यामागील दृष्टी होती.

विसाव्या शतकात मापनाचे युग आले. १९०५ साली फ्रान्समधील आल्फ्रेड बिने यांनी बालकांच्या बौद्धिक क्षमतेची पहिली मापनश्रेणी तयार केली. तिचा मूळ हेतू, ज्या मुलांना शाळेत विशेष साहाय्याची गरज आहे ती ओळखणे, हा होता. पुढे अमेरिकेत आर्नोल्ड गेसेल यांनी कोणत्या वयात बालक काय करू शकते याचे तपशीलवार निरीक्षण केले. या कार्याचा बालविकासाच्या अभ्यासास फार उपयोग झाला. परंतु त्यातूनच असाही समज दृढ झाला की, फळ जसे आपोआप पिकते तसे मूल शाळेसाठी आपोआप 'पक्व' होते, आणि ते झाले नसेल तर त्याला थांबवून ठेवावे.

हा समज पुढील काळात टिकला नाही. तयारी ही वयाबरोबर काही अंशी येते, परंतु बऱ्याच अंशी ती अनुभवाने घडते. ज्या घरी मुलाशी गप्पा होतात, गोष्टी सांगितल्या जातात, त्या घरच्या मुलाचा शब्दसंग्रह वाढतो. ज्याला अशी संधी मिळाली नाही, त्याला घरी थांबवून ती मिळणार नाही. शाळेत आणूनच ती द्यावी लागेल. म्हणूनच आज तयारीचा विचार तिहेरी केला जातो: तयार बालक, तयार कुटुंब आणि तयार शाळा.

बोर्डी-कोसबाडचा धडा

'तयार शाळा' ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्या सहकार्याने १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. १९४५ साली ताराबाईंनी आपले कार्य तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी नेले. तेथे बालवाडी उघडली, तरी वंचित वस्त्यांतील मुले तेथपर्यंत येत नाहीत असे त्यांच्या निदर्शनास आले. घरची धाकटी भावंडे सांभाळणे, गुरे राखणे ही कामे या मुलांच्याच अंगावर असत.

ही मुले शिक्षणास तयार नाहीत, असा निष्कर्ष काढणे तेव्हाही सोपे होते. ताराबाई व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी तसा निष्कर्ष काढला नाही. मुले बालवाडीकडे येत नाहीत, तर बालवाडीने मुलांच्या अंगणात जावे, असे त्यांनी ठरविले. त्यातून 'अंगणवाडी' जन्मास आली. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणशाळा निघाली. मणी, बिया, पाने, शंखशिंपले ही परिसरातील वस्तूच शैक्षणिक साधने बनली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रास हेच नाव मिळाले आणि अंगणवाडी हा शब्द भारतभर पोहोचला.

या इतिहासातून मिळणारा धडा स्पष्ट आहे. मूल शाळेच्या मापात बसत नसेल, तर प्रथम माप तपासून पाहावे.

तयारीची पाच अंगे

मुळाक्षरे गिरविता येणे आणि शंभरपर्यंत अंक म्हणता येणे म्हणजे शाळेची तयारी, असा समज अनेक घरांत आढळतो. वस्तुतः बालकाची तयारी अनेक अंगांनी पाहावी लागते. ही अंगे साधारणतः पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१. शारीरिक विकास : धावणे, उडी मारणे, एका पायावर तोल सावरणे, चेंडू झेलणे ही मोठ्या स्नायूंची कामे होत. मणी ओवणे, कागद फाडून चिकटविणे, सदऱ्याची बटणे लावणे, माती मळणे ही लहान स्नायूंची कामे होत. लेखनाची खरी पूर्वतयारी या दुसऱ्या प्रकारच्या कामांत आहे. ज्या बोटांना मणी ओवता येत नाहीत, त्यांच्या हाती पेन्सिल देऊन पानभर 'अ' काढवून घेणे म्हणजे निव्वळ शिक्षा होय. साधारणतः तिसऱ्या वर्षाच्या सुमारास मूल वर्तुळाची नक्कल करू लागते, चौथ्याच्या सुमारास अधिकचे चिन्ह, त्यानंतर चौरस, आणि पाचव्या वर्षाच्या आगेमागे त्रिकोण. हा क्रम ध्यानी घेतला म्हणजे अक्षरांची घाई किती अनाठायी आहे हे समजून येते.

२. सामाजिक व भावनिक विकास : आईपासून काही तास दूर राहणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, खेळणे वाटून घेणे, लघवीला जावयाचे आहे किंवा तहान लागली आहे हे न घाबरता सांगणे. पहिलीतील अनेक मुलांचे सुरुवातीचे अपयश बुद्धीचे नसते. ते या शेवटच्या, वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीतून उद्भवते.

३. भाषाविकास : ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगणे, चित्र पाहून दोन-चार वाक्ये बोलणे, दोन सूचना क्रमाने पाळणे, प्रश्न विचारणे. याबरोबरच ध्वनींची जाण महत्त्वाची आहे. 'कमळ' आणि 'कप' या शब्दांचा आरंभ सारखाच आहे, 'माती' आणि 'पाती' यांचा शेवट जुळतो, हे कानाने ओळखू शकणाऱ्या मुलास पुढे वाचन सुलभ जाते. बडबडगीते व यमकांचे खेळ यांचे मोल येथेच आहे.

४. बौद्धिक विकास व गणनपूर्व तयारी : रंग, आकार, लहान-मोठे यांनुसार वस्तूंचे गट करणे, क्रम लावणे, सारखेपणा व फरक ओळखणे. अंक म्हणणे आणि मोजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. एखादे मूल घडाघडा शंभरपर्यंत म्हणते, परंतु समोरच्या ढिगातून पाच चिंचोके उचलून दे म्हटले की मूठभर उचलते. दुसरे मूल दहाच्या पुढे म्हणू शकत नाही, परंतु प्रत्येक चिंचोक्यावर एकदाच बोट ठेवून नेमके पाच देते. गणिताची तयारी दुसऱ्याची अधिक आहे.

५. शिकण्याची वृत्ती : कुतूहल, एखाद्या कामात काही वेळ रमणे, जमले नाही तरी पुन्हा करून पाहणे. ही वृत्ती कोणत्याही प्रश्नपत्रिकेत दिसून येत नाही. पाण्यात कागदी होडी बुडाली म्हणजे मूल दुसरी कशी करते, हे पाहिल्यानेच ती कळते.

पारख कशी करावी

पाच-सहा वर्षांच्या मुलाला परक्या माणसासमोर बसवून दहा प्रश्न विचारणे ही पारख करण्याची अत्यंत अविश्वसनीय रीत आहे. त्या दिवशी त्याची झोप झाली नसेल, ताप असेल, समोरच्या व्यक्तीची भीती वाटत असेल, किंवा प्रश्नाची भाषाच त्याच्या कानावरून कधी गेली नसेल. या वयात एका दिवसाचे उत्तर दुसऱ्या दिवशी बदलते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही या स्तरावर लेखी चाचण्या व परीक्षा अयोग्य मानल्या असून, निरीक्षण व मुलांच्या कामाचा संग्रह यांवर भर दिला आहे.

अंगणवाडी सेविका व पहिलीचे शिक्षक यांनी पुढील पद्धती अवलंबिल्यास पारख अधिक खरी उतरेल.

पहिली गोष्ट, निरीक्षण नेहमीच्या खेळात करावे. लगोरी, सागरगोटे, भातुकली, वाळूतील खेळ यांत वरील पाचही अंगे सहज दिसून येतात. भातुकलीत पाच पाहुण्यांना पाच पाने मांडणारी मुलगी एकास-एक संगती जाणते. ती तपासण्यासाठी वेगळी परीक्षा नको.

दुसरी गोष्ट, निरीक्षण एका दिवसाचे नसावे. तीन-चार आठवड्यांत निरनिराळ्या प्रसंगी ते करावे. रोज चार-पाच मुलांकडे विशेष लक्ष दिले, तरी पंचवीस-तीस मुलांच्या अंगणवाडीतील प्रत्येक मूल सुमारे आठवड्याभरात एकदा नजरेखालून जाते.

तिसरी गोष्ट, नोंद घडलेल्या कृतीची असावी, शेरा नसावा. 'लक्ष देत नाही', 'हुशार आहे', 'अबोल आहे' हे शेरे होत. त्यांतून पुढे काय करावे हे कळत नाही. याउलट 'गोष्टीच्या वेळी मागे बसल्यास इकडेतिकडे पाहते, पुढे बसविल्यास शेवटपर्यंत ऐकते' ही नोंद पाहा. ती वाचून बसण्याची जागा बदलावी हे सुचते आणि कानांची तपासणी करून घ्यावी हेही सुचते.

चौथी गोष्ट, प्रत्येक कृतीसाठी 'येते' आणि 'येत नाही' अशी दोन घरे ठेवण्याऐवजी 'स्वतः करते', 'मदतीने करते' आणि 'अद्याप संधी हवी' अशी तीन घरे ठेवावीत. मधले घर सर्वांत मोलाचे. आज जे मदतीने जमते, ते उद्या स्वतः जमणार असते. शिकविण्याची खरी जागा तीच.

पाचवी गोष्ट, पालकांस विचारावे. केंद्रात तोंड न उघडणारे मूल घरी आजीला दिवसभराची हकिकत सांगत असेल, तर त्याची भाषा कच्ची नाही. त्याला केवळ धीर हवा आहे.

निष्कर्षाच्या वेळी घ्यावयाची सावधगिरी

एकाच वर्गातील मुलांच्या वयात अकरा महिन्यांपर्यंत अंतर असू शकते. प्रौढांत हे अंतर जाणवतही नाही. परंतु नुकतीच सहा वर्षे, म्हणजे ७२ महिने पूर्ण केलेल्या बालकाच्या बाबतीत अकरा महिने हा त्याच्या साऱ्या आयुष्याचा सातव्या हिश्श्याहून अधिक काळ होतो. शिशुवर्गात येणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तर तो जवळजवळ तिसरा हिस्सा ठरतो. २०१९ साली देशातील २६ ग्रामीण जिल्ह्यांत चार ते आठ वर्षे वयाच्या मुलांची 'असर' पाहणी झाली. तिच्यात पहिलीच्या एकाच वर्गात अगदी भिन्न वयाची मुले बसलेली आढळली आणि मोठ्या वयाची मुले साहजिकच अधिक चांगली कामगिरी करताना दिसली. तेव्हा तुलना करावयाची ती शेजारच्या मुलाशी नव्हे, तर त्याच मुलाच्या दोन महिन्यांपूर्वीच्या स्थितीशी.

कित्येक तथाकथित चुका या वयाला साजेशाच असतात. अक्षर वा अंक उलटा काढणे ही या वयातील नित्याची बाब आहे. सारख्याच संख्येच्या दोन ओळींपैकी लांब पसरलेल्या ओळीत अधिक गोट्या आहेत असे सांगणे, हे या वयातील विचारपद्धतीचे लक्षण असल्याचे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवून दिले. 'र' सारखे उच्चार काही मुलांत उशिरा स्पष्ट होतात. यांपैकी कशानेही मूल 'मागे' ठरत नाही.

बोलीभाषेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. वारली, कोरकू, गोंडी, भिली, पावरी, गोरमाटी बोलणाऱ्या घरांतील मुलांना प्रमाण मराठीतून प्रश्न विचारला आणि उत्तर आले नाही, तर मुलाचे ज्ञान मोजले गेले असे म्हणता येणार नाही; प्रश्नकर्त्याच्या भाषेची मर्यादा तेवढी मोजली गेली. अशा मुलाला वस्तूचे नाव त्याच्या बोलीत विचारावे. शिक्षकाला बोली अवगत नसल्यास गावातील सेविका, मदतनीस किंवा मोठ्या वर्गातील विद्यार्थी यांचे साहाय्य घ्यावे.

ऊसतोडणी, वीटभट्टी यांसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुले वर्षातील कित्येक महिने अंगणवाडीपासून दूर असतात. त्यांच्या नोंदपत्रकातील रिकाम्या घरांचा अर्थ क्षमतेचा अभाव असा लावू नये. तेथे संधीचा अभाव होता, एवढेच त्यातून सिद्ध होते. या मुलांना पहिल्या काही आठवड्यांत अधिक वेळ व अधिक आपुलकी दिली, तर ती शाळेत टिकतात. ती न मिळाल्यास गळतीची सुरुवात येथूनच होते, मग पटावरून नाव पुढे केव्हाही कमी होवो.

आणखी एक दक्षता घेतली पाहिजे. ऐकू कमी येणे, दृष्टिदोष, रक्तक्षय, कुपोषण यांची बाह्य लक्षणे पुष्कळदा आळस वा मंदपणा यांसारखी भासतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथकाने अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोन वेळा व शाळेतील मुलांची एक वेळ तपासणी करावी, अशी तरतूद आहे. सेविकेने वा शिक्षकाने आपल्या नोंदी त्या पथकास दाखविल्यास तपासणीला दिशा मिळते. मात्र निदान करणे हे तज्ज्ञांचे काम आहे. शिक्षकाने शंका नोंदवावी, रोगाचे नाव देऊ नये.

कायदा आणि उपक्रम

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १३ अन्वये शाळेत प्रवेश देताना बालकाची वा त्याच्या पालकांची चाळणी लावण्यास मनाई आहे. या तरतुदीचा भंग केल्यास पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत व त्यानंतरच्या प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याचा अर्थ असा की, प्रवेश हा बालकाचा हक्क आहे. तयारीची पारख प्रवेश मिळाल्यानंतर, त्याच्या शिक्षणाची आखणी करण्यासाठीच व्हावयाची आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानला आणि पूर्वप्राथमिक शिक्षण व पहिली-दुसरी यांना एका सूत्रात बांधले. त्यास अनुसरून २०२१ साली पहिलीच्या आरंभी तीन महिने खेळावर आधारित पूर्वतयारीचा 'विद्याप्रवेश' हा कार्यक्रम आखण्यात आला. महाराष्ट्रात २०२२ साली 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान हाती घेण्यात आले. त्यातील मेळाव्यात मूल आपल्या पालकासह निरनिराळ्या टेबलांवर जाते. शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक, भाषा व गणनपूर्व तयारीच्या कृती तेथे हसतखेळत होतात आणि शेवटी पालकांना मार्गदर्शन मिळते. पहिला मेळावा सुट्टीपूर्वी व दुसरा शाळा सुरू होताना, आणि मधल्या काळात मातांच्या गटांनी घरच्या घरी करावयाच्या कृती, अशी ही रचना आहे. दोन मेळाव्यांमधील प्रगती पाहणे म्हणजेच मुलाची त्याच्या स्वतःशी तुलना करणे होय.

तथापि मेळावा हा केवळ समारंभ ठरू नये, यासाठी त्यातील नोंद पहिलीच्या शिक्षकाच्या हाती पोहोचली पाहिजे. आसाम, राजस्थान व तत्कालीन आंध्र प्रदेशातील तेलंगण भागात सुमारे १४ हजार ग्रामीण मुलांचा २०११ पासून पाच वर्षे मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. पाचव्या वर्षी शाळेची पूर्वतयारी चांगली असलेली मुले पुढील वर्गांतही सरस ठरतात, हे त्यातून दिसून आले. त्याचबरोबर खेळ व अनुभव यांऐवजी अक्षर-अंकांच्या घोकंपट्टीवर भर देणाऱ्या केंद्रांतून ही तयारी पुरेशी घडत नाही, असेही त्यात आढळले. म्हणजे पूर्वप्राथमिक केंद्रात केवळ नाव असून भागत नाही. तेथे काय चालते याला महत्त्व आहे.

पालकांचा वाटा

तयारीसाठी महागडी साधने वा खासगी शिकवणी यांची गरज नाही. भाजी निवडताना शेंगा मोजावयास सांगाव्यात, ताटे मांडताना माणसागणिक एक ठेवावयास सांगावे, बाजारातून येताना काय काय पाहिले ते विचारावे, रात्री एक गोष्ट सांगावी. स्वतःच्या हाताने जेवणे, हात धुणे, चप्पल घालणे ही कामे मुलाला करू द्यावीत, मग त्यात थोडा वेळ गेला तरी चालेल. शाळा उघडण्यापूर्वी एकदा त्याला शाळेत नेऊन वर्ग, पाण्याची जागा व स्वच्छतागृह दाखवावे. 'आता शाळेत गेलास की गुरुजी बघतील तुझ्याकडे', अशी धमकी देऊ नये. जे मूल शाळेचे नाव ऐकून घाबरते, त्याची अर्धी तयारी आपणच पुसून टाकलेली असते.

समारोप

शेतकरी पेरणीपूर्वी जमिनीची पारख करतो, ती नाकारण्यासाठी नव्हे. कोठे खत हवे, कोठे पाणी द्यावे, कोणते पीक आधी घ्यावे, हे ठरविण्यासाठी तो ती करतो. बालकाच्या तयारीची पारख याच वृत्तीने व्हावयास हवी. सेविकेच्या नोंदी शिक्षकापर्यंत पोहोचाव्यात, शिक्षकाने त्यांच्या आधारे पहिले तीन महिने आखावेत आणि पालकांनी त्यास घरातून साथ द्यावी, एवढी साखळी जुळली तरी पुष्कळ साधेल. ताराबाईंनी बोर्डीत बालवाडी मुलांच्या अंगणापर्यंत नेली. आज अंगणवाड्या गावोगावी आहेत. त्या अंगणापासून पहिलीच्या वर्गापर्यंतचे थोडेसे अंतर प्रत्येक बालकाने न अडखळता पार करावे, ही जबाबदारी आता आपणा सर्वांची आहे.